ओलं बोट, सुरकुतलेलं बोट आणि अडून बसलेला स्कॅनर

खोडरबर
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. हात ओले असले की फोन बोट ओळखत नाही हे सगळ्यांनाच माहितीय, त्यात नवीन काही नाही. पण पोहून आल्यावर हात टॉवेलने खसाखसा पुसून अगदी कोरडे केले तरी फोन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत राहतो आणि शेवटी पिन मागतो. तेव्हा बोटांची टोकं सुरकुतलेली असतात. तर नक्की अडतंय कशाने, पाण्याने की सुरकुत्यांनी? आणि बोटाचा ठसा आयुष्यभर बदलत नाही म्हणतात, मग थोडा वेळ पाण्यात राहिल्याने तो बदलतो की काय? आमच्याकडे एकांचं म्हणणं असं की बोट पाणी पिऊन फुगतं आणि रेघा एकमेकींपासून लांब जातात. मला ते पटलं नाही पण खोडूनही काढता आलं नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

रिकामटेकडा
फोनला वाटत असेल मालकाऐवजी त्याचे आजोबा आले. चालू द्या, खुर्ची टाकून बसलोय.

अक्कलखाते
खोडरबर, पाणी आणि सुरकुत्या ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. मी आधी पाण्याचं सांगतो कारण सेन्सर हा माझ्या कामाचा भाग आहे, सुरकुत्यांचं कोणीतरी वैद्यकातलं सांगेलच.

सेन्सर ठशाच्या "रेघा" बघतो असं आपण म्हणतो पण खरं तर तो रेघ आणि खाच यातला फरक बघतो. बोटाच्या कातडीवर उंचवटे असतात त्या रेघा, आणि दोन रेघांच्या मधे खाच. बोट काचेवर टेकलं की उंचवटा काचेला चिकटतो आणि खाचेत हवा अडकते. सगळा खेळ त्या अडकलेल्या हवेचा आहे हे लक्षात ठेवा.

ऑफिसात हजेरीच्या मशीनमधे वगैरे जो लाल किंवा हिरवा उजेड दिसतो तो बहुतेक वेळा प्रिझमवाला ऑप्टिकल सेन्सर असतो. काचेच्या आतून उजेड तिरका मारतात. काचेच्या पलीकडे हवा असेल तर साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आलेला उजेड बाहेर पडूच शकत नाही, आरशासारखा पूर्ण परत येतो. म्हणून खाचा पांढऱ्या दिसतात. उंचवटा टेकलाय तिथे मात्र उजेड कातडीत शिरतो, तिथे काळं. आता खाचेत हवेऐवजी पाणी भरा. काच आणि पाणी यांच्या सीमेवर तो कोन ४२ चा जवळजवळ ६२ होतो, म्हणजे जो उजेड मघाशी परत येत होता तो आता पाण्यातून खुशाल निघून जातो. खाच पण काळी, रेघ पण काळी. कंप्युटरला दिसतो एक काळा गोळा. शाई जास्त झालेला शिक्का बघितलाय ना कागदावर, तसंच.

फोनच्या बटणावर किंवा पाठीवर जो असतो तो बहुधा कपॅसिटिव्ह. त्याच्यात उजेडाचा काही संबंध नाही, बारीक बारीक धातूच्या ठिपक्यांचं जाळं असतं आणि प्रत्येक ठिपका आपल्यावरची कातडी किती जवळ आहे ते विद्युतधारितेवरून (म्हणजे तिथे किती वीजभार साठतो त्यावरून) मोजतो. ठिपके साधारण ०.०५ मिलिमीटरवर एक असतात, आणि मोठ्या माणसाच्या बोटावर एका रेघेपासून दुसरी रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एका रेघ-खाच जोडीला नऊ-दहा ठिपके येतात. तेवढ्यात भागवायचं. इथेही हवाच कामाची, कारण हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (मधला पदार्थ धारिता किती पटीने वाढवतो तो आकडा) १ आणि पाण्याचा ८० च्या घरात. खाचेत पाणी गेलं की तिथली धारिता एकदम वाढते आणि सेन्सरला वाटतं इथेही कातडी टेकलीय. त्यात घामाचं पाणी असेल तर मीठही असतं, ते वीज वाहून नेतं, मग शेजारचे ठिपके पण गोंधळतात.

म्हणजे पाणी ठशाला काहीही करत नाही, फक्त खाचा बुजवते. पुसलं की संपलं.

तिरकस
पण धागाकर्त्यांनी तर लिहिलंय की पुसूनही चालत नाही. एवढं मोठं वाचून मूळ प्रश्न तिथेच. 🙂

अक्कलखाते
अहो तिरकस, पहिल्याच ओळीत लिहिलंय की दुखणी दोन आहेत. दुसऱ्याची वाट बघा की जरा.

सांजवात
मी हाताच्या पुनर्वसनाचं काम करते त्यामुळे सुरकुत्यांवर बोलायला मला आवडेल.

बोट पाणी पिऊन फुगतं हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. वरचा मेलेला थर पाणी शोषतो हे खरं आहे, पण सुरकुत्यांचं मुख्य कारण ते नाही. लुईस आणि पिकरिंग या दोन डॉक्टरांनी १९३६ सालीच नोंदवून ठेवलंय की ज्यांच्या हाताची मीडियन नर्व्ह (अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांना जाणारी नस) निकामी झालीये त्यांच्या त्या बोटांना पाण्यात ठेवूनही सुरकुत्या पडत नाहीत. कातडी तीच, पाणी तेच, त्याच हाताची बाकीची बोटं सुरकुततात आणि नस मेलेली बोटं गुळगुळीत राहतात. नुसतं पाणी शोषण्याचा मामला असता तर असं झालं नसतं. पुढे १९७० च्या दशकात तर लहान मुलांच्या हाताची नस ठीक आहे का हे बघायला हीच तपासणी वापरायची सूचना आली, कारण लहान मूल "इथे टोचतंय का" याचं उत्तर नीट देत नाही पण त्याची बोटं कोमट पाण्यात ठेवून बघता येतात. आम्ही अजूनही क्वचित वापरतो.

होतं काय की घामाच्या छिद्रांमधून पाणी आत शिरतं, तिथलं क्षारांचं गणित बिघडतं, त्याने स्वायत्त नसा (आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणाऱ्या) चेततात आणि बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी झालं की आतला गर आकसतो, वरची कातडी मात्र तेवढीच राहते, मग ती आत ओढली जाऊन दुमडते. म्हणजे बोट फुगत नाही, उलट आतून बारीक होतं. म्हणून तर ते पांढरट पण दिसतं. गरम पाण्यात, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, काही मिनिटांतच सुरुवात होते, गार पाण्यात जास्त वेळ लागतो. आणि मुद्द्याची गोष्ट, टॉवेलने पुसलं म्हणून वाहिन्या लगेच सैल होत नाहीत. त्याला दहा-वीस मिनिटं, कधी जास्तही लागतात. खोडरबर, तुमचं बोट कोरडं असतं पण आकसलेलंच असतं.

ठशाचं म्हणाल तर रेघांचा नमुना आईच्या पोटात असतानाच, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बसतो आणि त्याचा साचा वरच्या कातडीत नसून खालच्या थरात असतो. सुरकुती त्याच्यापुढे खूप मोठी आणि वरवरची गोष्ट आहे. एका सुरकुतीच्या घडीत कितीतरी रेघा मावतात. रेघा आहेत तिथेच आहेत, त्यांचा क्रम तोच आहे, फक्त ज्या कापडावर त्या छापल्यात त्याला चुण्या पडल्यात.

अवांतर: सुरकुत्या पडतात तरी कशाला यावर अजून एकमत नाही. २०१३ मधे न्यूकॅसलच्या संशोधकांना दिसलं की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या पटापट उचलता येतात, म्हणजे टायरच्या नक्षीसारखं पाणी बाजूला सारायला त्या असाव्यात. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या गटाने तसाच प्रयोग केला आणि त्यांना काही फरक सापडला नाही. २०२१ मधे परत एका ब्रिटिश अभ्यासात ओली वस्तू धरायला सुरकुतलेल्या बोटांना कमी जोर लावावा लागतो असं आलं. मला स्वतःला पकडीचा मुद्दा पटतो, पण भांडायला जागा आहे.

रिकामटेकडा
म्हणजे निसर्गाने हात ओले असताना वस्तू घट्ट धरायची सोय केली आणि नेमका तोच फोन हातात धरला की तो म्हणतो तुम्ही कोण. 😂

खोडरबर
सांजवात ताई, क्या बात है. "आतून बारीक होतं" हे घरी जाऊन सांगणार आहे. पण एक कळलं नाही, रेघा जर तिथेच आहेत आणि क्रमही तोच आहे तर मशीनला अडचण काय? माणसाला सुरकुतलेला चेहरा ओळखता येतोच की.

दोन_शून्य
इथे मी थोडं बोलतो, हजेरीची आणि दरवाज्याची सिस्टीम बसवणं आणि मग लोकांच्या शिव्या खाणं हा पोटापाण्याचा धंदा आहे.

मशीन तुमच्या ठशाचा फोटो जपून ठेवत नाही सहसा. ते बघतं की रेघ कुठे संपली आणि कुठे एका रेघेचे दोन फाटे झाले. या जागांना मिन्युशिया म्हणतात, आणि त्यांच्या एकमेकांपासूनच्या अंतरावरून आणि दिशांवरून जुळणी होते. आता सुरकुतलेलं बोट काचेवर ठेवा. सुरकुतीचा वर आलेला भाग टेकतो, खोलगट भाग टेकतच नाही, त्यामुळे चित्रात तिथे उभा पांढरा पट्टा येतो. त्या पट्ट्यातून जेवढ्या रेघा आडव्या जात होत्या त्या सगळ्या पट्ट्याच्या एका काठावर संपल्या आणि दुसऱ्या काठावर नव्याने सुरू झाल्या असं सॉफ्टवेअरला दिसतं. एका सुरकुतीमागे डझनावारी खोट्या मिन्युशिया तयार. खऱ्या त्या गर्दीत हरवतात आणि काही तर नेमक्या पट्ट्यातच गेलेल्या असतात.

सॉफ्टवेअर इतकं पण येडं नसतं म्हणा. रेघांची दिशा काढून त्या दिशेने तुटलेली रेघ सांधायची फिल्टर असतात, गॅबर फिल्टर म्हणतात त्याला, आणि समोरासमोर तोंड करून असलेली दोन टोकं दिसली तर हा काप किंवा व्रण असेल असं समजून ती टाकूनही देतात. सुरीने कापल्याची बारीक रेघ असेल तर हे झकास चालतं. सुरकुती रुंद असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंची कातडी जवळ ओढली गेलेली असते त्यामुळे अंतरंही बदलतात. थोडं ताणलं-आक्रसलेलं मशीन चालवून घेतं, कारण कोरडं बोटही प्रत्येक वेळी थोडं वेगळं दाबलं जातं, पण याला मर्यादा आहे.

आणि फोनवर हे जास्त जाणवतं त्याचं कारण फोनचा सेन्सर चिमुकला. मोठ्या स्कॅनरवर पूर्ण बोट येतं, चार सुरकुत्यांनी जागा खाल्ली तरी मधली मधली बरीच शिल्लक राहते. फोनवर आधीच बोटाचा एक तुकडा येतो, त्यातून दोन पट्टे गेले की उरलं काय? म्हणून फोनवाले नुसत्या मिन्युशियावर न राहता रेघांचा एकूण पोत पण जुळवतात, आणि चुण्यांनी पोतच बदलतो.

अजून एक गंमत सांगतो. ओल्या बोटाने दाबलं तर अजून बिघडतं, कारण दाबल्यावर रेघा पसरतात आणि मधलं पाणी सगळीकडे जातं. सुरकुतलेल्या कोरड्या बोटाने मात्र जरा दाबलं तर फायदा होतो, चुण्या सपाट होऊन जास्त कातडी टेकते. लोक नेमकं उलटं करतात. ओल्या बोटाने अंगठा रुतेपर्यंत दाबतात आणि सुरकुतलेलं बोट घाबरत घाबरत ठेवतात.

खोडरबर
हे दाबायचं करून बघितलं पाहिजे. पिन टाकायचा इतका कंटाळा येतो.

जुनी_वही
नमस्कार. वाचून बरं वाटलं की हा प्रकार तरुणांनाही होतो. आमच्या वयाला मात्र सुरकुत्या पाण्याच्या नाहीत, कायमच्या. माझं बोट ओलं नसतं, सुरकुतलेलं आणि कोरडं ठणठणीत असतं आणि मशीन घेता घेत नाही. समोरचा मनुष्य "आजी, नीट ठेवा" म्हणतो, जसं काही मी वाकडं ठेवतेय. याचं कारण पण हेच का?

सांजवात
जुनी_वही काकू, अर्धं हेच आणि अर्धं वेगळं. वयाने कातडी पातळ आणि सैल होते, रेघांचे उंचवटे चपटे होतात, म्हणजे खाच आणि उंचवटा यातला फरकच कमी राहतो. त्यात आडव्या-उभ्या बारीक घड्या कायमच्या पडतात, त्या दोन_शून्य यांनी सांगितलेल्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्याच. आणि घाम-तेल कमी झाल्याने बोट कोरडं. कोरडं बोट म्हणजे ओल्याच्या बरोबर उलट टोक, रेघ अखंड टेकतच नाही, ठिपक्याठिपक्याने टेकते, आणि चित्र तुटक तुटक येतं. मशीनला हवं असतं मधलं, किंचित दमट बोट.

मॉइश्चरायझर थोडं लावा, ते मुरू द्या, मग बोट ठेवा. नुसतं बोटावर तोंडाची वाफ सोडली किंवा कपाळावरून बोट फिरवलं तरी पुष्कळदा काम होतं. आणि ज्या बोटाची नोंद केलीये तेच ओळखत नसेल तर सगळी बोटं तपासून ज्याचा ठसा स्वच्छ येतो त्याची नोंद करायला सांगा. तुम्ही "नीट ठेवत नाही" हे सांगणाऱ्यांना माझ्याकडून कोपरापासून नमस्कार.

जुनी_वही
थँक्यू ग बाई. वाफेची युक्ती करून बघते.

दोन_शून्य
क्रीमबद्दल एक पुरवणी: चोपडून लगेच ठेवू नका. तेलकट थर काचेवर राहतो, त्यावर तुमचा ठसा उमटून बसतो आणि पुढच्या माणसाला त्याचा त्रास. हजेरीच्या मशीनची काच दिवसातून एकदा मऊ फडक्याने पुसली तरी निम्म्या तक्रारी जातील असं माझं मत आहे, पण ते फडकं कोणाच्या हातात द्यायचं यावरच मीटिंगा होतात. सॅनिटायझरचंही तेच, लावल्या लावल्या बोट ओलं आणि वाळल्यावर दहापट कोरडं. सतत लावणाऱ्यांना दोन्ही टोकांचा त्रास.

ठोकताळा
बराच वेळ नुसता वाचत होतो पण राहवत नाही. न्यायवैद्यक विभागात काम केलंय. हळव्या मंडळींनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

पाण्यात सापडलेल्या मृतदेहाची ओळख पटवताना हीच सुरकुत्यांची अडचण येते, फक्त तिथे "थोडं थांबा, बरं होईल" म्हणता येत नाही. बोटांची टोकं इतकी चुरगळलेली असतात की शाईने नीट ठसा उठत नाही. मग सुईने बोटाच्या टोकात द्रव भरतात, ग्लिसरीन किंवा त्यासाठीचं खास मिश्रण, आणि आतून फुगवून कातडी ताणून घेतात. चुण्या गेल्या की ठसा स्वच्छ उठतो. सांजवात यांनी सांगितलं ना की आतला गर आकसतो, त्याच्यावर हा सरळ उतारा, गर परत भरा. दुसरी एक पद्धत म्हणजे बोट काही सेकंद उकळत्याच्या जवळपास तापलेल्या पाण्यात बुडवायचं, त्याने बसलेल्या रेघा परत वर येतात. आणि बरेच दिवस झालेले असतील तर वरची कातडी मोज्यासारखी सुटते, ती तपासणारा स्वतःच्या हातमोज्यावर चढवून ठसा घेतो. ती पण नसेल तर खालच्या थराचा ठसा घेतात, नमुना तिथेही तोच असतो, फक्त उठाव कमी.

तेव्हा पाण्याने ठसा बदलतो का, तर नाही. वाचणं अवघड होतं एवढंच.

रिकामटेकडा
जेवायच्या आधी वाचलं. आभारी आहे.

तिरकस
ठोकताळा, भारी माहिती. आता माझा खरा प्रश्न. सुरकुतलेलं बोटच फोनमधे वेगळं बोट म्हणून नोंदवून टाकलं तर? बहुतेक फोन चार-पाच बोटं घेतात, त्यातली एक जागा "पोहून आलेला अंगठा" म्हणून द्यायची. सुरकुत्या दर वेळी वेगळ्या पडत असतील तर उपयोग नाही, पण पडतात का वेगळ्या?

सांजवात
याचं उत्तर नुकतंच आलंय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या गाय जर्मन यांच्या गटाने २०२५ मधे नेमकं हेच तपासलं. लोकांची बोटं ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून फोटो काढले, मग निदान एक दिवस जाऊ देऊन परत तेच केलं, आणि दोन्ही वेळच्या सुरकुत्यांची नक्षी जुळवली. ती बरीचशी सारखीच निघाली. कारणही सरळ आहे, आकसणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच जागी असतात, त्या काही हलत नाहीत, मग कातडी पण तिथे तिथेच दुमडते. त्यांच्यातल्या ज्या एकाला मीडियन नर्व्हची इजा होती त्याच्या बोटांना सुरकुत्या पडल्या नाहीत, १९३६ ची गोष्ट परत.

तेव्हा तुमची कल्पना वाटते तितकी वेडी नाही.

दोन_शून्य
वेडी नाहीच, मी लोकांना हे सुचवतो. दोन गोष्टी सांभाळा. नोंद करताना बोट सुरकुतलेलं असावं पण ओलं नसावं, नाहीतर तुम्ही पाण्याचा काळा गोळाच नोंदवाल. फोन बहुधा तो नाकारतो, पण घेतलाच तर तो साचा कुचकामी. दुसरं म्हणजे पूर्ण सुरकुतलेलं आणि अर्धवट सुरकुतलेलं यात फरक असतो, त्यामुळे पोहून आल्या आल्या चालेल आणि थोड्या वेळाने दोन्हीपैकी एकही नोंद जुळणार नाही असा मधला काळ राहणारच. बरेच फोन यशस्वी जुळणीनंतर साचा थोडा थोडा सुधारून घेतात, त्याचाही फायदा होतो.

संशोधनात ओल्या आणि कोरड्या बोटांचा विचार आधीपासून आहे बरं का. २००४ च्या ठसे-जुळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी मुद्दाम बोटं ओली करून, मुद्दाम कोरडी करून, कातडी ताणून ठसे घेतले होते, कारण छान छान ठशांवर सगळेच पास होतात. आणि २०११ मधे सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी पाण्याने सुरकुतलेल्या बोटांचे ठसे गोळा करून खास त्यावर काम केलं होतं.

खोडरबर
अक्कलखाते, हल्ली स्क्रीनच्या खालून वाचणारे फोन आलेत त्यात ही भानगड कमी आहे का? नवा फोन घ्यायचा बहाणा शोधतेय.

अक्कलखाते
स्क्रीनखालचे दोन जातीचे. ऑप्टिकल असेल तर स्क्रीनच बोटावर उजेड टाकते आणि खालचा कॅमेरा फोटो काढतो, बोट ठेवल्यावर गोल दिवा लागतो तो हा. काचेवर पाण्याचे थेंब असले की उजेड इकडेतिकडे फाकतो आणि चित्र धुरकट येतं. दुसरा अल्ट्रासोनिक, हा २०१९ च्या गॅलेक्सी एस१० मुळे लोकांना माहिती झाला. तो ध्वनिलहरी पाठवून प्रतिध्वनी ऐकतो. हवेवरून आवाज जवळजवळ पूर्ण परत येतो, कातडीत बराचसा शिरतो, या फरकातून चित्र. थोडा घाम, दमटपणा, तेलकटपणा यात हा बराच तग धरतो. पण ध्वनीच्या दृष्टीने पाणी आणि कातडी जवळपास सारखीच, त्यामुळे खाचा पाण्याने तुडुंब असतील तर याचीही पंचाईत, भौतिकशास्त्रातून सुटका नाही. आणि सुरकुतीचा खोलगट भाग काचेला टेकत नाही तो कुठल्याच जातीत टेकत नाही, तेव्हा त्या बहाण्याने फोन घेऊ नका, दुसरा शोधा.

खरा उपाय आहे तो फोनमधे नाही. मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर म्हणून प्रकार आहे, ल्युमिडिग्म कंपनीमुळे तो प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात आणि ध्रुवीकरण (उजेडाच्या लहरींच्या कंपनाची दिशा) बदलून एकाच बोटाचे अनेक फोटो घेतात, त्यातला काही उजेड कातडीच्या आत जाऊन परत येतो आणि खालच्या थरातला नमुना दिसतो. ओलं असो, झिजलेलं असो, चित्र बऱ्यापैकी मिळतं. किंमत आणि आकार बघता तो दारावर बसतो, खिशात नाही.

तिरकस
शेवटचं विचारतो. ओल्या किंवा चुरगळलेल्या बोटामुळे दुसऱ्याच कोणाला फोन उघडता येईल असं होतं का? म्हणजे चूक उलट्या बाजूला.

दोन_शून्य
सहसा नाही. खराब चित्र म्हणजे जुळणीचे गुण कमी, आणि गुण कमी म्हणजे नकार. मालकाला बाहेर ठेवणारी चूक वाढते, परक्याला आत घेणारी वाढत नाही. परक्याला घ्यायचं तर त्याचा नमुना तुमच्याशी जुळावा लागतो, आणि पाण्याच्या गोळ्यात नमुनाच नसतो.

अपवाद नोंदणीच्या वेळचा. २०१९ मधे गाजलेलं प्रकरण आठवत असेल, एस१० वर काही जेलचे कव्हर लावून बोट नोंदवलं की नंतर कोणाच्याही बोटाने फोन उघडायचा. बोटाऐवजी कव्हरवरची नक्षीच सेन्सरने ठसा म्हणून वाचली होती. पुढे सॉफ्टवेअर अपडेट देऊन ते बंद केलं. म्हणून मी म्हणतो की नोंदणी करताना बोट कोरडं, काच पुसलेली आणि घाई नाही.

आणि एक नेहमीचं भांडण. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात, धुण्याच्या विभागात, प्रयोगशाळेत हातमोज्यात घाम येऊन, त्यांची हजेरी लागत नाही म्हणून साहेब लोक मला सांगतात "मशीनचं थ्रेशोल्ड खाली आण", म्हणजे जुळणीचे गुण कमी असले तरी पास कर. ते आणलं की चुकीची माणसं जुळायला लागतात, आणि ती सगळ्यांसाठी, फक्त ओल्या हातांसाठी नाही. कितीदा सांगायचं की त्या विभागापुरतं कार्ड द्या किंवा पिन द्या. एका ठिकाणी तर त्या लोकांचे अर्धे दिवस कापले गेले, मशीनने ओळखलं नाही म्हणून. कार्ड आलं तेव्हा कुठे तो प्रकार थांबला.

जुनी_वही
वाफेने झालं हो. दुसऱ्या प्रयत्नात घेतलं मशीनने.

सांजवात
वा काकू! मोठं काम असेल तेव्हा मात्र दुसऱ्या हाताचं एक बोट पण नोंदवून ठेवा. आणि कोणाच्या घरी केमोथेरपी चालू असेल तर लक्षात असू द्या, कॅपेसिटाबीन नावाच्या औषधाने तळहात-तळपायाची कातडी सोलवटते आणि काहींचे ठसे पुसट होतात. एका प्रवाशाला त्यामुळे विमानतळावर काही तास अडवून ठेवल्याचं २००९ मधे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. तिथे वाफ, क्रीम कशाचाच उपयोग नाही, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवायची.

खोडरबर
दाबायचं करून बघितलं. कोरडं करून, जरा जोर देऊन ठेवलं तर काही वेळा उघडतो, काही वेळा नाही. आता तिरकस यांच्या पद्धतीने सुरकुतलेला अंगठा वेगळा नोंदवते.

दोन_शून्य
नोंदवताना अंगठा नुसता मधोमध ठेवू नका, कडा पण फिरवून द्या. सुरकुत्या टोकाच्या मांसल भागावर जास्त असतात, कडेला कमी, त्यामुळे कडेचा भाग साच्यात असला तर जुळायला काहीतरी हाताशी राहतं.